लाडक्या घोडीची किंमत काढायची कशी? लळा वेगळा, बाजार वेगळा

तासगाव : आपल्या भागात बैलाची किंमत सांगणारे पारावर कधीही भेटतात. खिलार खोंड बघितलं की माणूस अंदाज सांगतो आणि तो फार चुकत नाही. खरसुंडी, आटपाडी, जतची यल्लम्मा हे बाजार जवळ आहेत, दरवर्षी सौदे कानावर पडतात. घोड्याचं तसं नाही. गावात एखादाच घोडा असतो. तो कुणी हौसेनं पाळलेला, कुणाच्या वडिलांचा, नाहीतर लग्नाच्या वरातीला जाणारा. तो विकायची वेळ आली की घरातला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो आणि दारात आलेला व्यापारी त्याच्या निम्म्यावर बोट ठेवतो. मग खरी किंमत कोणती?

हा प्रश्न फक्त विकतानाच येतो असं नाही. भावाभावांत वाटणी होताना येतो, विमा उतरवताना येतो, जनावर दगावल्यावर भरपाई मागतानाही येतो. म्हणून हिशेब नीट समजून घेऊ.

आमच्याच घरची चूक

दहा-बारा वर्षांपूर्वी वडिलांची तांबडी घोडी आमच्या दारात होती. राणी तिचं नाव. वडिलांचे गुडघे गेले आणि घोडी नुसती उभी राहायला लागली. मला रोज बागेतनं वेळ मिळायचा नाही. विकायचं ठरलं. मी वही घेऊन बसलो. घेतलेली किंमत, नऊ वर्षांची चंदी, कडबा, नाल, दवाखाना, खोगीर, सगळं मांडलं. वर वडिलांचा जीव किती आहे, म्हणून आणखी वाढवलं. आकडा दीड लाखावर गेला. तिथनं मी खाली यायला तयार नव्हतो.

येणारा माणूस दात बघायचा, पायाला हात लावायचा, एक फेरी मारायचा आणि साठ-सत्तर हजार म्हणायचा. मला वाटायचं, हे लुटायला आलेत. दोन वर्षं अशीच गेली. तोवर घोडी दोन वर्षांनी म्हातारी झाली, बसून बसून अंगावर चढली आणि आलेल्या गिऱ्हाइकांचा आकडा आणखी खाली आला. लुटलं कुणी नव्हतं. मीच चुकीची वही मांडली होती.

बेदाण्याच्या सौद्यासारखंच

तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात आपण वर्षानुवर्षं जातो. तिथं व्यापारी काय बघतो? रंग, आकार, गोडी, ओलावा. यंदा औषधाला किती गेले, छाटणीला माणसं मिळाली नाहीत, अवकाळीत रात्रभर जागलो, हे त्या ताटात दिसत नाही आणि त्याचा दरही मिळत नाही. घोड्याचंही तेच. झालेला खर्च हा आपला हिशेब. किंमत म्हणजे उद्यापासून हे जनावर दुसऱ्याच्या दावणीला जाऊन काय काम करेल, त्याचे तो किती पैसे देईल एवढंच. घ्यायची गडबड नसलेला, जाणता माणूस आणि विकायची गडबड नसलेला मालक, दोघांनाही घोड्याची खरी अवस्था माहीत असताना जिथं जुळतं, तो बाजारभाव.

घोड्याचं काम गेलं की त्याची किंमतही जाते. पूर्वी स्टँडवर टांगे असायचे. रिक्षा आल्या आणि टांग्याच्या घोड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदेशीर ठरवल्या, तेव्हा त्या घोड्यांचंही काम संपलं. घोडे तेच होते, काम गेलं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : माझा घोडा आज कुणाच्या कामाचा आहे? शिकाऊ पोराला बसायला, वरातीला, शर्यतीच्या हौशी माणसाला, पर्यटनाच्या ठिकाणी, की पैदाशीला? प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा.

गिऱ्हाईक काय बघतं

*वय.* पहिलं तोंड उघडून बघतात. समोरच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांला पडून कायमची येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांचा घोडा पूर्ण दातांचा. खालच्या दातांच्या माथ्यावर काळे खळगे असतात. ते मधल्या जोडीवर सहा वर्षांच्या सुमारास, शेजारच्या जोडीवर सातला आणि कडेच्या जोडीवर आठला झिजून जातात. वरच्या कडेच्या दातावर एक उभी रेघ दहाच्या सुमारास हिरडीजवळ दिसायला लागते, पंधराला निम्म्यापर्यंत येते, विसाला खालपर्यंत पोचते. हा अंदाज आहे. कडक चारा, दगड-माती खाणाऱ्या जनावराचे दात लवकर झिजतात. पण तुम्ही आठ सांगताय आणि दात चौदा सांगतायत, असं झालं की पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. पण बसायला घेणाऱ्याला पाच ते बारा वयाचा, शिकलेला आणि अंगात ताकद असलेला घोडा लागतो. पंधराच्या पुढं आकडा भराभर उतरतो. विशीतल्या घोड्याला बाजारात जवळपास किंमत नसते. ऐकायला वाईट वाटतं, पण तो त्याचा अपमान नाही.

*पाय.* जाणता माणूस चेहऱ्याआधी खूर बघतो. कडक जमिनीवर सरळ दुडकी, मग दोन्ही बाजूंनी गोल फिरवणं, मग उतारावर. डोकं एका पावलाला वर उडत असेल तर त्या पुढच्या पायात दुखणं आहे असं समजायचं. खुराला हात लावून गरम लागतो का बघायचं. वेदनेचं औषध देऊन लंगडणं दिवसभर झाकता येतं, म्हणून घेणाऱ्यानं घोडा दोन-चार दिवसांच्या अंतरानं दोनदा बघावा. विकणाऱ्यानं असली लपवाछपवी करूच नये. पुढच्या आठवड्यात फोन येतोच, आणि बातमी गावोगाव जाते.

*उंची.* मानेची आयाळ जिथं संपते, त्या खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत सरळ माप घ्यायचं, घोडा सपाट जागेवर उभा करून. आपल्याकडं बाजारात उंची इंचात बोलतात. इंग्रजी पद्धतीत चार इंचांचा एक ‘हँड’ धरतात आणि साधारण ५८ इंचांच्या आतल्याला पोनी म्हणजे तट्टू म्हणतात. अंगावरनं टेप फिरवू नका, पोटाच्या फुगवट्यानं दोन-तीन इंच फुकट वाढतात आणि बाजारात खोटे ठरतात.

*स्वभाव आणि चाल.* लाडक्या घोड्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत इथं होते. आपल्या हाकेला तो मान फिरवतो, आपल्याजवळ मेंढरासारखा उभा राहतो. पण दुसऱ्याला पाठीवर घेतो का? आमची राणी वडिलांशिवाय कुणाला रिकिबीत पाय घालू द्यायची नाही. आम्ही ते कौतुकानं सांगायचो आणि गिऱ्हाईक तिथंच मागं सरायचं. एकाच माणसाचं ऐकणारा घोडा हा लळ्याचा पुरावा आहे, बाजारात तो दोष आहे. विकायच्या आधी महिना-दोन महिने वेगवेगळ्या माणसांना बसवा. ट्रॅक्टर, हॉर्न, वाजंत्री, फटाके याला बुजत नसेल तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. रेवाल चाल, म्हणजे बसणाऱ्याला हिसका न लागणारी पळती चाल असेल, तर हौशी माणूस त्याचे पैसे वेगळे मोजतो.

*जात आणि कागद.* मारवाडी, काठियावाडी, सिंधी ही नावं बाजारात सर्रास घेतात. कान आत वळलेले दिसले की मारवाडी, एवढ्यावर भाव मिळत नाही. आई-बापाची नोंद, शरीरातली चिप, पासपोर्ट असेल तर जात सिद्ध होते आणि पैदाशीचं गिऱ्हाईक मिळतं. कागद नसेल तर ‘मारवाडी वळणाची’ एवढंच म्हणा. आपल्या दख्खनची भीमथडी जातही आता देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. भीमा-नीरेच्या काठची ही काटक घोडी मराठी फौजेत होती. तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांसारख्या सरदारांच्या काळात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. तो घोडा म्हणजे त्याचं भांडवल होतं. त्यामुळं घोड्याचा व्यवहारी हिशेब करणं म्हणजे प्रेम कमी, असं आपल्या पूर्वजांनीही मानलं नाही.

*रंग आणि खुणा.* चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी, गळ्यावर भोवरा असला की देवमण, याला बाजारात मान आहे. काही भोवरे अशुभ मानतात आणि त्यावरनं भाव पाडतात. भोवऱ्यानं घोडा पळत नाही की लंगडत नाही. पण समोरचा मानत असेल तर त्याच्यापुरता आकडा बदलतो, हे धरून चाला.

तीन सौद्यांची पद्धत

आता आकडा. सगळ्यात सोपी आणि भरवशाची रीत ही : गेल्या वर्षभरात आपल्या घोड्यासारखे तीन घोडे प्रत्यक्ष किती रुपयांना विकले गेले ते शोधायचं. ‘किती सांगितले’ ते नव्हे, ‘किती हातात पडले’ ते. मोबाईलवर फिरणाऱ्या जाहिराती आणि यात्रेतले लाखा-कोटीचे घोडे हे सांगितलेले आकडे असतात. रुमालाखाली बोटं धरून शेवटी काय ठरलं, ते व्यापारी, नालबंद, वरातीचा घोडेवाला, जनावरांचे डॉक्टर यांना माहीत असतं. त्यांना विचारा.

मग फरकाचे पैसे वजा-अधिक करायचे. खालचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

समजा आपली घोडी दहा वर्षांची, ५८ इंच, शांत, कागद नाहीत.

– पहिली घोडी : ७ वर्षांची, ६० इंच, शांत. सौदा ९०,०००. आपली तीन वर्षांनी मोठी आणि दोन इंच कमी, म्हणून २०,००० वजा. राहिले ७०,०००.

– दुसरी : १० वर्षांची, ५८ इंच, पण वाजंत्रीला बुजते. सौदा ५५,०००. आपली बुजत नाही, १०,००० अधिक. झाले ६५,०००.

– तिसरी : १० वर्षांची, ५८ इंच, शांत, पण गाभण. सौदा ७५,०००. आपली गाभण नाही, १५,००० वजा. राहिले ६०,०००.

म्हणजे आपल्या घोडीची किंमत साठ ते सत्तर हजारांच्या दरम्यान, मध्य पासष्ट. बोलायला सुरुवात पंचाहत्तरपासून करा आणि साठच्या खाली उतरायचं नाही हे घरात आधीच ठरवून ठेवा. खोगीर, लगाम, झूल यांची किंमत वेगळी लावा, नाहीतर शेवटी ‘सामानासकट’ म्हणून फुकट जातात.

फरकाचे पैसे किती धरायचे, हे एकट्यानं ठरवू नका. ज्याला आपल्या घोडीचा लळा नाही अशा दोन जाणत्यांना विचारा.

थांबण्याचाही खर्च असतो

चांगला भाव येईल म्हणून थांबणं काही वेळा बरोबर असतं. पण साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो कोरडा चारा-खुराक लागतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल आणि खुरांची छाटणी, वर जंताचं औषध. महिन्याला समजा पाच हजार जात असतील, तर पंधरा हजार जास्त मिळवायला सहा महिने थांबणं म्हणजे तीस हजार घालवणं. मी दोन वर्षं थांबलो होतो. ती वही मात्र मांडली नव्हती.

थांबायचंच असेल तर बाजार बघून थांबा. आपल्याला जवळचा म्हणजे अकलूजचा घोडेबाजार, तो दिवाळीच्या पुढंमागं भरतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा असते आणि त्याच महिन्यात नांदेडच्या माळेगावची खंडोबाची यात्रा. लांबच्या यात्रेला साध्या घोड्याचं गाडीभाडं परवडत नाही, पण एकदा मोकळ्या हातानं जाऊन सौदे बघून या. लग्नसराईच्या आधी वरातीच्या घोडीला मागणी वाढते, सराई संपल्यावर तीच घोडी स्वस्त होते.

विमा, भरपाई, वाटणी : तिथं कुठला आकडा?

विम्याला बाजारभाव लागतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत घोडा, तट्टू, गाढव, खेचरही येतात आणि हप्त्यातला शेतकऱ्याचा हिस्सा १५ टक्के ठेवला आहे. दुभत्या जनावराची किंमत दुधावरनं धरतात. घोड्याची किंमत मालक आणि विमा कंपनी यांनी पशुवैद्यकीय डॉक्टरांसमोर बसून ठरवायची असते. जुळलं नाही तर ग्रामपंचायत किंवा गटविकास अधिकाऱ्यांनी तोडगा काढायचा, असं योजनेत आहे. तिथं वरच्या तीन सौद्यांची चिठ्ठी, फोटो आणि मापं घेऊन गेलात तर बोलायला जागा राहते. यंदा योजना कोणत्या कंपनीकडं आहे, ते आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पूर, वादळ अशा नैसर्गिक आपत्तीत घोडा दगावला तर मिळते ती मदत, किंमत नव्हे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत घोडा, बैल, उंट अशा ओढकामाच्या मोठ्या जनावराला ३२,००० रुपये आहेत. तट्टू, गाढव, खेचर, वासरू यांना २०,०००. म्हणजे पंचनाम्यात ‘घोडा’ लिहिलं की ‘तट्टू’, यात बारा हजारांचा फरक आहे. जनावर पुरण्याआधी पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या, फोटो काढा.

वाटणीत मात्र मधला आकडा धरा. जो भाऊ घोडी ठेवतो, तो उद्यापासूनचा खर्चही अंगावर घेतो, हे बाकीच्यांनी विसरू नये.

सौदा करताना

ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. त्यासाठी रक्ताची तपासणी असते. तपासणीचा ताजा दाखला हातात असेल तर गिऱ्हाईक निर्धास्त होतं. रंग, खुणा, वय, उंची, माहीत असलेले दोष आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. बाजारात सौदा झाला तर बाजार समितीची पावती सोडू नका.

मग लळ्याचं काय करायचं?

काही घोड्यांना किंमत लावतच नाहीत. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी मिरज-सांगलीवरनं चालत आळंदीला माउलींच्या पालखीसाठी जातात. रिंगणात त्यांच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या घोड्याचा भाव कुणी विचारत नाही. आपल्याही घरचा घोडा आपल्यासाठी तसाच असू शकतो. तसं असेल आणि झेपत असेल तर विकूच नका, पेन्शनीत ठेवा. पण विकायचं ठरलं तर लळा आकड्यात घालू नका. आकड्यात घातलेल्या लळ्याचे पैसे कुणी देत नाही, उलट घोड्याचं वय निघून जातं.

लळा वापरायची जागा वेगळी आहे. तो गिऱ्हाईक निवडण्यात वापरा. घेणाऱ्याची दावण जाऊन बघा. त्याच्याकडं आधीची जनावरं कशी आहेत, पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का, पाणी-सावली आहे का, हातात चाबूक किती असतो. दोन गिऱ्हाइकांत पाच-सात हजारांचा फरक असेल तर कमी देणारा पण नीट सांभाळणारा निवडणं हा तोटा नव्हे. ते तुमच्या लळ्याचे पैसे आहेत आणि ते तुम्ही स्वतः ठरवून खर्च केलेत. ‘पुढं विकायची झाली तर आधी आम्हाला विचारा’ एवढी ओळ चिठ्ठीत घालून घ्या.

राणीचं शेवटी तसंच झालं. दोन वर्षांनी जास्त आकडा एका व्यापाऱ्यानं सांगितला होता, कमी आकडा कवठेमहांकाळकडच्या एका शेतकऱ्यानं. त्याची पोरगी घोड्यावर बसायला शिकत होती. वडील गुडघे धरत जीपमधनं त्यांची दावण बघून आले आणि म्हणाले, “हितं दे.” आठ हजार कमी आले. मी पहिल्यांदा वाद घातला नाही.

पहिल्या वर्षीच शहाणा झालो असतो, तर भावही बरा आला असता आणि ती पोरगी दोन वर्षं आधी घोड्यावर बसली असती.